उसाच्या बिलातून शेक्सपिअर

दिवाळीच्या चार दिवसांत घर माणसांनी भरते. पुण्या-मुंबईचे भाऊ येतात, माहेरवाशिणी येतात, आणि शिकायला बाहेरगावी राहिलेली मुले पिशवीभर मळके कपडे घेऊन परततात. फराळाच्या ताटाभोवती या मुलांची जी चौकशी होते तिच्यात एक प्रश्न ठरलेला असतो: ‘पुढं काय करायचं ठरवलंयस?’ उत्तर ‘इंजिनिअरिंग’ असले की मामा मान डोलावतात. ‘नर्सिंग’ म्हटले की आत्याला बरे वाटते. ‘पोलीसभरतीची तयारी’ म्हटले तरी कोणी हरकत घेत नाही; उलट, पहाटे पळायला उठतोस का, एवढेच विचारतात. पण एखाद्या मुलीने ‘इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. करीन म्हणते, आणि मग लिहीन’ असे सांगितले, की हातातला लाडू क्षणभर हातातच राहतो. मग कोणीतरी अगदी आपुलकीने विचारते, ‘त्याचा उपयोग काय गं?’

या प्रश्नाला हसणे सोपे आहे. साहित्यावर प्रेम करणारी माणसे पुष्कळदा हसतातही. मला मात्र तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. तो विचारणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या घामाच्या पैशातून फी भरली जाणार असते. ज्याचा पैसा, त्याने उपयोग विचारावा यात अडाणीपणा कसला? तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला न सारता हा प्रश्न आपण जरा नीट समोर ठेवून पाहू. शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घरातल्या मुलाने साहित्याची, आणि तीही परक्या भाषेतल्या साहित्याची, पदवी मिळवण्यात स्वतःची वर्षे आणि घरचा पैसा घालवणे योग्य आहे काय?

प्रश्न हवेत तरंगू नये म्हणून त्याला एक गाव देऊ. सांगली जिल्ह्यातले कुंडल घ्या. हे पूर्वी औंध संस्थानातले गाव. डोंगरावर पार्श्वनाथाची जुनी जैन क्षेत्रे, गावाला कुस्तीच्या मैदानाचा अभिमान, शिवारात ऊस आणि द्राक्षबागा, आणि आता क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना. शेजारीच किर्लोस्करवाडी. तिच्या रेल्वे स्टेशनाला एके काळी ‘कुंडल रोड’ असेच म्हणत. समजा, या कुंडलातली एक मुलगी आहे. बापाचा दोन-अडीच एकर ऊस. घरात आई, आजी आणि एक धाकटा भाऊ. मुलगी बी.ए. झाली आहे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या एम.ए.ला जाऊ म्हणते. ही मुलगी कल्पनेतली आहे. पण तशा मुली खोलीचे भाडे, खानावळ, एस.टी.चा पास यांचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर करीत आज अनेक गावांत बसलेल्या आहेत.

या मुलीला पहिला अडथळा येतो तो गावाच्या इतिहासाचाच. १९४३ पासून १९४६ पर्यंत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची सत्ता गावोगाव चालली, आणि कुंडल हे त्या चळवळीचे मोठे ठाणे होते. सांगली त्या वेळी वेगळा जिल्हा नव्हता. हा सारा मुलूख साताऱ्यातच मोडे. तूफान सेना इथेच उभी राहिली, आणि बापू लाड तिचे फील्डमार्शल झाले. गावकऱ्यांनी इंग्रजांच्या कचेऱ्यांकडे पाठ फिरवून आपली न्यायमंडळे चालवली, कमी खर्चाची गांधीलग्ने लावली. ज्या गावाने इंग्रजांचे राज्य मानले नाही, त्या गावच्या मुलीने इंग्रजांची नाटके आणि काव्ये पाठ करीत बसावे, हे कसे दिसते?

दिसायला विचित्र दिसते खरे. आणि आक्षेप पोकळही नाही. इंग्रजी साहित्य हा विषय आपल्याकडे निव्वळ रसिकतेपोटी आला नाही. १८३५ साली मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले ते काही आम्हांला कवितेची गोडी लागावी म्हणून नव्हे. राज्य चालवायला मधली माणसे हवी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. खुद्द केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी-परीक्षा सुरू व्हायला १९१७ साल उजाडले. म्हणजे साहेबाच्या घरी जे शिकवण्याजोगे मानले जात नव्हते, ते आमच्या मुलांना त्याआधी पुष्कळ वर्षे शिकवले जात होते. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या पुस्तकात या कथेची कागदपत्रे उलगडून दाखवली आहेत. तेव्हा ज्या मुलीला हा विषय घ्यावयाचा आहे तिने त्याची जन्मकथा जाणूनच तो घ्यावा. औषध कोणत्या हेतूने दिले होते ते रोग्याला ठाऊक असलेले बरे.

परंतु देणाऱ्याचा हेतू आणि घेणाऱ्याचे फळ एकच असते असे नाही. याचा दाखला शोधायला सातारा मुलखाबाहेर जावे लागत नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या तरुणाच्या हाती थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ पडला, आणि त्यातून त्यांनी कारकुनी नव्हे तर माणसाचे हक्क उचलले. सावित्रीबाई नायगावच्या. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली निघाला, आणि त्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. इंग्रजीला त्यांनी आईचे नाते दिले. डॉ. आंबेडकरांची शाळा साताऱ्यात सुरू झाली ती १९०० साली, आणि ज्या विद्येने त्यांना साऱ्या जगाच्या पंगतीत नेऊन बसवले तिचे दार इंग्रजीनेच उघडले. ज्यांना घरच्या शास्त्र्यांनी दाराबाहेर उभे केले त्यांना परक्याच्या पुस्तकाने आत घेतले, ही गोष्ट विसरून स्वभाषेचा अभिमान सांगता येत नाही.

राज्य आणि साहित्य या दोन गोष्टी निराळ्या आहेत. राज्य घालवता येते. त्याला हद्द असते, खजिना असतो, फौज असते. नाटकाला यांतले काहीच नसते. बापाच्या भुताने हैराण झालेला हॅम्लेट डेन्मार्कचा राजपुत्र असला तरी त्याची घालमेल ही कोणत्याही घरातल्या थोरल्या मुलाची घालमेल आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांना ती तशी वाटली, म्हणून ‘विकारविलसित’ या नावाने त्यांनी हॅम्लेट मराठीत आणला. पुस्तक १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी ते टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून आले होते. सरकारचा तुरुंग आणि सरकारच्या देशचा कवी यांची गल्लत त्यांनी केली नाही. मग कुंडलच्या मुलीने तरी ती का करावी?

तेव्हा पहिला आक्षेप एवढाच उरतो की डोळे उघडे ठेवून शीक. तो मान्य करू आणि दुसऱ्याकडे वळू. दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. मुलगी म्हणते, मला लिहायचे आहे. लिहायला एम.ए. कशाला लागते?

इथे तर आपल्याच जिल्ह्याचा पुरावा तिच्या विरुद्ध उभा राहतो. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले असे सांगतात. ‘फकिरा’ त्यांनी लिहिली. ग. दि. माडगूळकरांच्या शाळकरी वयाची काही वर्षे याच कुंडलात गेली. मॅट्रिकची पायरी त्यांना ओलांडता आली नाही. पण १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून त्यांच्या गीतरामायणाची छप्पन्न गाणी घराघरांत पोहोचली, आणि १९७३ साली ते यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर बेचाळीसच्या चळवळीत शाळा सोडून गेले, ते पुन्हा बाकावर बसले नाहीत. त्यांची ‘बनगरवाडी’ आज महाविद्यालयांतले प्राध्यापक शिकवतात. पदवीच्या कागदाने लेखक होत असता तर दर वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात लेखकांचे पीक आले असते. अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठात १९३६ पासून लेखन शिकवण्याची कार्यशाळा चालते, आणि आता जगभर लेखनाच्या पदव्या मिळतात. पण तिथले शिक्षकही असा दावा क्वचितच करतील की आम्ही लेखक घडवून देतो. शिकवून हात सुधारतो. सांगण्यासारखे काही असावे लागते, ते घरून आणावे लागते.

हे सगळे खरे. पण पुरावा अर्धाच वाचून चालणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी शाळा सोडली, वाचन सोडले नाही. इंग्रजी ते स्वतःच्या हिमतीवर शिकले, आणि त्या भाषेतल्या कथा-कादंबऱ्या त्यांनी झपाटल्यासारख्या वाचल्या. माणदेशातला मेंढका कादंबरीचा नायक होऊ शकतो हा धीर त्यांना माणदेशाच्या मातीने दिला तसाच दूरदेशीच्या लेखकांनीही दिला असणार. म्हणजे पदवीवाचून त्यांचे अडले नाही; वाचनावाचून मात्र अडले असते. दुसऱ्या बाजूला जी. ए. कुलकर्णी पाहा. धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, आणि कथा लिहिल्या त्या मराठीत. विंदा करंदीकरांचे तेच. दिवसा इंग्रजी शिकवायचे, आणि घरी येऊन ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, शेक्सपिअरचा लिअर मराठी वाचकासाठी उतरवायचा, स्वतःची कविता लिहायची ती मराठी. या माणसांना त्या विषयाने बिघडवले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

मग पदवी कशासाठी? माझे उत्तर थोडे गावंढळ वाटेल. पदवी ही वेळ मागण्याची सबब आहे. तरुण व्यंकटेशाला गावोगाव भटकता आले, मुंबई-पुण्यात खोली करून राहता आले, चित्रे काढीत आणि वाचीत उपाशी राहता आले. कुंडलच्या आपल्या मुलीला यांतले काय करता येईल? ती घरी पुस्तक घेऊन बसली तर ‘रिकामी बसलीय’ म्हणून तिच्या हाती विळी दिली जाते. त्याच पुस्तकाला परीक्षेचे नाव मिळाले की ‘अभ्यास करतीय, तिला हाक मारू नका’ असे आजीच सांगते. दोन वर्षे, एक ग्रंथालय, जिच्याशी वाद घालता येईल अशी एखादी मैत्रीण, आणि ‘हे पुन्हा वाच’ म्हणणारा एखादा शिक्षक: मुलाला या गोष्टी पदवीबाहेरही कदाचित सापडतील; मुलीला बहुधा नाही. ज्याला सबबीची गरज पडली नाही त्याने सबबीला हसू नये.

आता तिसरा आक्षेप. हा खरा, आणि तो बापाचा आहे. तो म्हणेल, ‘तू म्हणतीस ते पटलं. पण पैसे?’

कारखान्याचे बिल येते तेव्हा ते येण्याआधीच वाटले गेलेले असते. सोसायटीचे कर्ज, खताचे दुकान, पाण्याची पट्टी, आईच्या गुडघ्याचे औषध, धाकट्याची फी. अशा घरात पैसा एकीकडे गेला तर दुसरीकडून जातो. थोरलीच्या खोलीचे भाडे म्हणजे धाकट्याचा क्लास. साहित्याच्या बाजूने बोलणारी माणसे या ठिकाणी एकदम उंच स्वरात बोलू लागतात: साहित्याने मन विशाल होते, जीवन समृद्ध होते. होत असेल, पण समृद्धीचा हप्ता कोण भरतो? भालचंद्र नेमाडे हे खानदेशातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव. पुढे तेही इंग्रजीचेच प्राध्यापक झाले, आणि इंग्रजीच्या वर्चस्वाशी भांडलेही. १९६३ साली आलेल्या त्यांच्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर बापाच्या पैशावर पुण्यात शिकतो, उधळतो, आणि पदवी न घेता गावी परततो. ती कादंबरी तरुणांना आपली वाटली ती पांडुरंगाच्या एकटेपणामुळे. पण तिच्यात बापाचा पैसा पानोपानी मागे उभा आहे, आणि तो पैसाच मला आज अधिक बोलका वाटतो.

या पैशाच्या प्रश्नाला आपल्या मुलखातल्या एका विद्यार्थ्याने फार वर्षांपूर्वी समोरासमोर उत्तर दिले आहे. आगरकर एम.ए.चा अभ्यास करीत होते. विषय इंग्रजी साहित्याहून निराळा होता, पण प्रसंग हाच होता. घरची गरिबी इतकी की एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. मुलगा एवढी मोठी परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि आपले दिवस पालटतील, अशी आईची समजूत असणे साहजिक होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून आधीच सांगून टाकले की मी पैशाच्या मागे लागणार नाही. पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवीन. पुढे त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’, फर्ग्युसन, ‘सुधारक’ असे जे केले ते सारे त्या पत्राप्रमाणे केले, आणि १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले.

या पत्राचे कौतुक नेहमी त्यागासाठी होते. मला त्यातला दुसरा गुण मोठा वाटतो. ते पत्र वेळेवर लिहिले होते. परीक्षा होऊन, नोकरीची वाट पाहून, आईचे डोळे थकल्यावर ‘मला तसे नकोच होते’ असे सांगणारे पुष्कळ असतात. आगरकरांनी आईला फसव्या आशेवर एक दिवसही ठेवले नाही. त्यागाची सक्ती कोणी कोणावर करू शकत नाही. खरे सांगण्याची मात्र करू शकतो.

कुंडलच्या मुलीने बापाला काय खरे सांगावे? तिने सांगावे की या पदवीने साहेबाची नोकरी मिळेलच असे नाही. नेट किंवा सेटची परीक्षा पुढे उभी आहे. ती झाल्यावरही महाविद्यालयात पक्की जागा दुर्मीळ, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. भाषांतर, शाळेतली नोकरी, मजकूर लिहिण्याची कामे यांतून पोट भरेल, बंगला होणार नाही. आणि लिहिण्याचे म्हणाल तर त्याने पोट भरेल अशी आशा धरूच नये. हे सारे सांगून झाल्यावर जर बाप म्हणाला, ‘जा’, तर त्या पैशाला कलंक नाही. आणि हे न सांगता, ‘एम.ए. झाले की प्रोफेसर’ अशी त्याची समजूत चालू देऊन घेतलेला पैसा, मग त्यातून शेक्सपिअर वाचला काय आणि तुकाराम वाचला काय, तो फसवून घेतलेलाच.

इथे एक शंका मला स्वतःला छळते, आणि ती वाचकांपासून लपवणे बरे नव्हे. आगरकरांना आपली विद्या योग्य ठरवायला लोकसेवेची जोड द्यावी लागली. गरिबाच्या मुलाकडून आपण नेहमी हीच अपेक्षा करतो: शीक, पण गावाच्या उपयोगी पड. श्रीमंताचा मुलगा दोन वर्षे कविता वाचून आला तर त्याला कोणी गावाचा हिशेब मागत नाही. त्याला ‘आवड आहे’ म्हणतात. गरिबाच्या आवडीला मात्र उपयोगाचा दाखला जोडावा लागतो. असे असेल तर साहित्य ही पुन्हा काही घरांचीच मिरास झाली. प्रतिसरकारातल्या माणसांनी जिवावर उदार होऊन जे स्वातंत्र्य मागितले, ते पोरांना नुसते उपयोगी पडण्याचे स्वातंत्र्य होते काय? ज्याचा उपयोग दाखवता येत नाही असे काहीतरी मनापासून आवडण्याचे स्वातंत्र्य त्यात नव्हते?

पुष्कळ विचार केल्यावर मला वाटते, इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. हक्क आणि ऋण या त्या दोन गोष्टी. हक्क समाजाशी असतो, ऋण माणसांशी असते. साहित्य शिकण्याचा त्या मुलीचा हक्क बिनशर्त आहे. ‘तुझा उपयोग काय’ हे तिला शासनाने, विद्यापीठाने, गावच्या पारावर बसलेल्यांनी विचारू नये. श्रीमंताच्या मुलाला विचारीत नसाल तर तिलाही विचारू नका. पण ज्या चार माणसांनी आपल्या ताटातले काढून तिला दिले, त्यांचे ऋण तिच्यावर आहे, आणि हक्क आहे म्हणून ऋण फिटत नाही. बापाला विचारण्याचा अधिकार आहे तो याच ऋणामुळे. तो समाजाचा प्रतिनिधी म्हणून विचारीत नाही. घरचा माणूस म्हणून विचारतो.

आणि या ऋणाला मर्यादाही आहेत, दोन्ही बाजूंनी. आईच्या औषधाचा पैसा शेक्सपिअरला देता येणार नाही. इथे कोणी साहित्याचे थोरपण सांगू लागला तर त्याने साहित्य नीट वाचलेले नाही असे खुशाल समजावे. लिअर राजाची सारी कथा म्हाताऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवणाऱ्या मुलींचीच कथा आहे. अशा वेळी थांबावे, कमवावे, मग शिकावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग याच मुलखातल्या मुलांना दाखवला. श्रम करून शिकलेल्या मुलाला कोणाचे तोंड चुकवावे लागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

उलट बाजूने बापालाही मर्यादा आहे. ‘स्थळ येईपर्यंत शीक’ असे म्हणून मुलीला एम.ए.ला पाठवणे हा उदारपणा नव्हे. तो गाडी येईपर्यंत स्टेशनावरच्या बाकड्यावर बसवण्यासारखा प्रकार आहे. शिक्षणाला पैसा दिला म्हणजे मुलीचे पुढचे आयुष्य विकत घेतले, असाही हिशेब कोणी मनात धरू नये. ऋण देणाऱ्यानेही आपण काय देतो आहोत ते आधी खरे सांगावे.

मग हे ऋण फेडायचे कशाने? पैशाने फिटले तर उत्तमच. पण पैशाने फिटले नाही तरी ते बुडाले असे नव्हे. मला वाटते त्याचा पहिला हप्ता म्हणजे घराला तुच्छ न लेखणे. इंग्रजी साहित्य शिकलेल्या मुलांना एक रोग लवकर जडतो. आईची बोली त्यांना गावठी वाटू लागते, आजीच्या ओव्या ‘लोकसाहित्य’ वाटू लागतात, आणि बापाच्या बोलण्यातली नेमकी म्हण कानाआड होते. हा रोग त्या साहित्याचा नव्हे. ते नीट वाचणाऱ्याला उलटा अनुभव येतो. वर्डस्वर्थने आपल्या काळातल्या खेडुतांच्या साध्या बोलीत कविता शोधली हे ज्याला परीक्षेपुरतेच नव्हे तर खरोखर कळले, तो सुट्टीत घरी येऊन आजीजवळ अधिक वेळ बसेल. परक्याचे वाचून आपले ऐकू येऊ लागले तर शिक्षण फळले. आपले ऐकू येईनासे झाले तर पहिल्या वर्गाची पदवीही वाया गेली.

दुसरा हप्ता म्हणजे वाचलेले घरात आणणे. भाषांतर करूनच आणले पाहिजे असे नाही. लिअरची गोष्ट ऊस खुरपताना आईला सांगता येते, आणि आईचे त्यावरचे मत कोणत्याही टीकाकाराइतके ऐकण्याजोगे असते. किर्लोस्करवाडीतले लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकार व्हायला मुंबईस गेले. रंग ओळखण्यात डोळ्यांनी दगा दिला म्हणून यंत्रांकडे वळले, आणि १९१० साली कुंडलाजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला. त्या यंत्रांच्या गावातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० साली ‘स्त्री’ निघाले, आणि नांगराच्या फाळाबरोबर मासिकेही महाराष्ट्रभर गेली. चित्रकलेवर घालवलेली वर्षे वाया गेली असे त्या वेळी कोणीतरी खात्रीने म्हटले असेल. शिकलेले कोठे उगवेल हे शिकताना सांगता येत नाही. म्हणून त्याचे वचन देऊ नये, आणि म्हणूनच ते नाकारूही नये.

पाडव्याला आपण वह्यांची पूजा करतो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर हळद-कुंकू वाहून जुनी बाकी पुढे ओढतो. त्या वहीत खताची उधारी मांडता येते, खोलीचे भाडेही मांडता येते. एका मुलीने दोन वर्षांत किती पुस्तके वाचली आणि त्यांनी तिचे काय केले, याला रकाना नाही. रकाना नाही म्हणून ती रक्कम शून्य धरणारा बाप चुकेल, आणि रकाना नाही म्हणून देणेच नाही असे मानणारी मुलगीही चुकेल. दोघांनी ती आठवणीत ठेवावी. घरे अशा आठवणींवरच चालतात, आणि मला विचाराल तर साहित्यसुद्धा.